अळवावरचं पाणी आणि कागदाचे ३१ काप

कागदाची एक पट्टी घ्या. ए-फोर कागद असतो तेवढ्या लांबीची, म्हणजे ३० सेंटीमीटरला थोडी कमी. तिचे मधोमध दोन तुकडे करा. एक बाजूला ठेवा, दुसऱ्याचे पुन्हा मधोमध दोन. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. असं कापत गेलं तर कितव्या कापाला अणूएवढा तुकडा हातात उरेल?

ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पंधरा-वीस मुलं अणूंची आणि नॅनोविज्ञानाची तोंडओळख करून घ्यायला जमतात. वय पाच ते नऊ. त्यांना मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारते. हजार, लाख, शंभर कोटी अशी उत्तरं येतात. एकाने सांगितलं, "काकू, म्हातारे होईपर्यंत कापावं लागेल." मग कात्र्या वाटायच्या. पाचव्या-सहाव्या कापापर्यंत नुसता गलका असतो. सातव्याला तुकडा सव्वादोन मिलिमीटरचा होतो आणि हॉल शांत होतो. आठव्याला तो जेमतेम एक मिलिमीटर उरतो. नववा काप फार थोड्यांना जमतो. बाकीच्यांचा तुकडा कात्रीच्या पात्याला चिकटतो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि मग सगळे गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधत राहतात.

खरं उत्तर ३१. आठ काप त्यांनी स्वतःच्या हाताने केलेले असतात, म्हणजे राहिले फक्त २३. हे ऐकून मुलांपेक्षा मागे खुर्च्यांवर बसलेले आईबाबा जास्त चकित होतात. दर वेळी निम्मं होणारी गोष्ट किती भराभर लहान होते, याचा अंदाज मोठ्यांनाही नसतो.

मग फळ्यावर एकतीस पायऱ्यांचा जिना काढायचा आणि एकेक पायरी उतरायची. बाराव्या कापाला तुकडा आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा झालेला असतो. तेराव्या-चौदाव्याला आपण कागद कापतच नसतो, कागदातला लाकडाचा एकेक तंतू कापत असतो. पंधराव्याच्या आसपास रक्तातली तांबडी पेशी भेटते, अठराव्याला एखादा जिवाणू. एकविसाव्याला साधा, भिंगांचा सूक्ष्मदर्शक हात टेकतो, कारण बघायला जो प्रकाश लागतो त्याच्याच लाटा आता तुकड्यापेक्षा मोठ्या झालेल्या असतात. बाविसाव्याला तुकडा ७० नॅनोमीटरचा, अठ्ठाविसाव्याला एका नॅनोमीटरचा. त्याच्याखाली तीन पायऱ्या उतरल्या की अणू.

नॅनोविज्ञान म्हणतात ते या जिन्याच्या बाविसाव्या पायरीपासून अठ्ठाविसाव्या पायरीपर्यंत राहतं. पुस्तकात '१ ते १०० नॅनोमीटर' असं लिहिलेलं असतं, ते हेच. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. 'नॅनो' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'बुटका माणूस' या अर्थाच्या शब्दावरून आला. पण शंभर कोटी हा आकडा सहा वर्षांच्या मुलाला काय सांगणार? त्याला बोटाच्या नखाकडे बघायला सांगा आणि सावकाश एक, दोन, तीन म्हणायला लावा. आपलं नख एका सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. तीन म्हणेपर्यंत तीन नॅनोमीटर वाढलं. हे सांगितल्यावर पुढची पाच मिनिटं सगळी मुलं नखांकडे टक लावून बसतात, आणि मी त्यांना बसू देते.

इतक्या लहान वयात हे कशाला, आठवीत येणारच आहे की, असं मला बरेच पालक विचारतात. आठवीत येतं ते व्याख्या होऊन येतं. पाठ होतं, पेपरात उतरतं, विसरलं जातं. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र 'हे कशाचं बनलंय?' हा प्रश्न मूल आपणहून दिवसातून दहा वेळा विचारतं. भिंत कशाची? सिमेंटची. सिमेंट कशाचं? पीठ असतं दगडाचं. दगड कशाचा? इथे आपण मोठी माणसं "पुरे आता" म्हणतो. मला वाटतं, नेमक्या त्याच ठिकाणी थांबू नये. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरीची सगळी वर्षं काढली. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनीच माझं घर चाललं. ते इतके रोजचे असताना मुलांना परके का वाटावेत?

आकाराचं भान यायला ठाण्याच्या मुलांसाठी एक फार सोयीची गोष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. आता खोडरबर घ्या, ३४ मिलिमीटर लांबीचा. समजा तो इतका ताणला की त्याचं एक टोक ठाणे स्टेशनात आणि दुसरं सीएसएमटीला. म्हणजे एका मिलिमीटरचा झाला एक किलोमीटर, आणि एका नॅनोमीटरचा झाला एक मिलिमीटर. या ताणलेल्या जगात तुमचा केस ८० मीटर जाड, लोकलचे चार डबे एकामागे एक लावल्यासारखा. तांबडी पेशी सात-आठ मीटरची. जिवाणू तुमच्याएवढा उंच. करोनाचा विषाणू मोठ्या संत्र्याएवढा. ज्या डीएनएच्या धाग्यावर तुमचे डोळे कसे आणि नाक कसं ते लिहिलेलं असतं, त्याची जाडी मोहरीच्या दाण्याएवढी. आणि अणू? बारीक रव्याचा एक कण. ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत पसरलेल्या रबरात रव्याचा एक कण.

सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली. अणू म्हणून मी प्लास्टिकचे रंगीत गोळे आणले होते. ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरा, एक लाल आणि दोन पांढरे जोडले की पाणी. मुलांनी हौसेने शंभरेक जोडण्या केल्या. पुढच्या रविवारी पहिलीतल्या एका मुलीने घरी काय सांगितलं ते तिच्या आजींनी मला येऊन सांगितलं: "पाण्यात लाल गोळे असतात, फिल्टरमधून गाळले की जातात, मग पाणी चांगलं होतं." त्या मुलीची यात काही चूक नव्हती. मी जे हातात दिलं तेच तिने खरं मानलं. तेव्हापासून गोळे बाहेर काढायच्या आधी मी सांगते की अणूला रंग नसतो, तो गोळ्यासारखा टणक नसतो, हे फक्त कोण कोणाला किती हात देतं ते दाखवायला आहे.

आणि एक गोष्ट फार आवर्जून सांगते. सोन्याचा एकटा अणू सोनेरी नसतो. पाण्याचा एकटा रेणू ओला नसतो. लोखंडाचा एकटा अणू टणक नसतो. मुलांना हे पटणं अवघड जातं, कारण सोनं कितीही बारीक केलं तरी सोनेरीच राहणार असंच कोणालाही वाटेल. मग मी विचारते: संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर काय असतं? "गर्दीऽऽ!" त्यातल्या एका काकांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, काका, तुमच्यातली गर्दी दाखवा, तर ते काय दाखवतील? मुलं हसतात, पण कळतं त्यांना. गर्दी एकट्याची नसते, अनेकांनी मिळून होते. ओलेपणा, रंग, टणकपणा हे सगळं तसंच.

जोडण्यांसाठी मला गोळ्यांपेक्षा मुळाक्षरं जास्त आवडतात. अणू म्हणजे अक्षर, रेणू म्हणजे शब्द. 'र' आणि 'स' घेतले तर 'रस' होतो, तेच उलटे मांडले तर 'सर'. अक्षरं तीच, पण रस पितात आणि सर गळ्यात घालतात. पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते खरं तर ग्राफाइट, म्हणजे नुसता कार्बन. अंगठीतला हिराही नुसता कार्बन. पेन्सिलीत कार्बनचे अणू पापडांच्या चळतीसारखे थरांत असतात आणि थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून कागदावर रेघ उमटते. हिऱ्यात प्रत्येक अणूने चारी बाजूंना घट्ट हात धरलेले असतात. पेन्सिलीच्या रेघेवर चिकटपट्टी लावून ओढून दाखवा, काळे थर निघून येतात. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांनी ग्राफाइटवर अशीच चिकटपट्टी लावून, पुन्हा पुन्हा सोलून, एका अणूच्या जाडीचा थर सुटा केला. त्याचं नाव ग्राफीन. ते काम त्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलं आणि २०१०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मूलद्रव्यं म्हणजे अक्षरं, ती आजवर ११८ माहीत आहेत, शब्द मात्र मोजता येणार नाहीत इतके.

भाषेचा एक घोळ इथेच मिटवून टाकावा. मराठीत अणू म्हणजे कार्बनचा किंवा सोन्याचा एकेक कण, आणि ते जोडून होतो तो रेणू. हिंदी पुस्तकात मात्र त्या एकेका कणाला परमाणु म्हणतात आणि जोडून होतो त्याला अणु. एकच शब्द, शेजारच्या दोन भाषांत दोन अर्थ. आपल्याकडे एकाच मजल्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं राहतात, ती एकत्र बसली की यावरून खरोखर भांडतात. दोघांचंही बरोबर आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

जुलैत आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, अळू माजतो. तो माझा सगळ्यात आवडता धडा. 'अळवावरचं पाणी' म्हणजे क्षणात घरंगळून जाणारं, न टिकणारं, हे आपण सगळे म्हणतो. पण का घरंगळतं, हे किती जणांनी वाकून बघितलंय? मुलांना मी पानाजवळ नेते. थेंब पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहतो, पान जरा कललं की टुणकन पळतो आणि जाताना वाटेतली धूळ गोळा करून नेतो. शेजारच्या आंब्याच्या पानावर तेच पाणी चपटं होऊन बसतं.

मग एक पान देठासकट कापून घ्यायचं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवायचं. पाण्याखाली ते एकदम चांदीचं दिसायला लागतं. मी हे कितीतरी वेळा केलंय, तरी प्रत्येक वेळी बघत राहते. ती चांदी म्हणजे पानाला धरून राहिलेला हवेचा पातळ पापुद्रा. बाहेर काढलं की पान कोरडंठाक. आता त्याच पानाचा एक कोपरा अंगठ्याने, भांडी घासायच्या साबणाचं बोट लावून, हलकेच चोळायचा आणि धुवायचा. तिथे पाणी चिकटतं. चोळला नाही त्या भागावर थेंब अजून पळतच असतात. पान फाडू किंवा चुरगळू नये, अळवाच्या रसाने हाताला खाज सुटते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

अंगठ्याने आपण काय पुसून टाकलं? अळवाच्या पानावर उघड्या डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे. प्रत्येक उंचवट्यावर मेणाचे आणखी बारीक कण, नॅनोमीटरांत मोजावे लागतील असे. पाण्याचा थेंब या टोकांवर टेकून राहतो, खाली उतरत नाही. मधल्या सगळ्या खाचांत हवा असते. म्हणजे थेंब पानावर बसलेलाच नसतो, बराचसा हवेवर बसलेला असतो. जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७मध्ये कमळाच्या पानाबद्दल हे नीट मांडलं, म्हणून जगात याला कमळाचा गुण म्हणतात. पावसाने धुऊन निघणारे भिंतींचे रंग या कल्पनेवर बनवले गेले. ही युक्ती अळवाकडेही आहे, आणि ती नॅनो आकाराची आहे, हे मूल स्वतःच्या अंगठ्याने शिकतं.

दुसरा प्रयोग परातीतला. यात न दिसणारा रेणू चक्क मोजता येतो, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

परात गरम पाण्याने स्वच्छ धुवायची. साबणाचा अंशही राहिला तर प्रयोग बिघडतो. तीत पाणी भरून ते स्थिर होऊ द्यायचं, वर चिमूटभर मिरपूड भुरभुरवायची. टाचणीचं टोक शेंगदाण्याच्या तेलात बुडवून झटकायचं आणि मधोमध पाण्याला नुसतं टेकवायचं. मिरपूड सैरावैरा बाहेर पळते आणि मधे स्वच्छ गोल पडतो. मुलं किंचाळतात. "काकू, तेल तर दिसतच नाही!" दिसत नाही, पण त्या सगळ्या गोलात ते पसरलंय. किती पसरेल? पसरत राहील आणि एक वेळ अशी येईल की रेणूवर रेणू उरणार नाही, सगळे शेजारी शेजारी उभे. तिथे त्याचं पसरणं थांबतं. टाचणीच्या टोकावरचा कण पुरीएवढा गोल व्यापतो. खसखशीच्या दाण्याएवढा थेंब घेतलात तर सगळी परातही त्याला पुरणार नाही.

इथे मी मुलांना उठवते. आधी सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून हॉलच्या कोपऱ्यात. मग पसरा, पसरा, खांद्याला खांदा लावून एकच थर. आता या थराची उंची किती? "आमच्याएवढी!" तेलाच्या थराचंही तेच. थराची जाडी म्हणजेच एका रेणूची उंची.

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं होतं. वाऱ्याने उठलेल्या लाटा शांत होत गेल्या आणि अर्ध्या एकरभर पाणी आरशासारखं झालं. १७७४मध्ये त्याने हे छापलं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरलं तर जाडी किती, हा भागाकार त्याने केला नाही. केला असता तर उत्तर आलं असतं जवळपास अडीच नॅनोमीटर. एका रेणूची उंची त्याच्या हातात येऊन निसटली. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९०मध्ये तेलाच्या थराची जाडी खरोखर मोजली, ती दोन नॅनोमीटरच्या आतबाहेर भरली.

पण मुलींना मी सांगते ती गोष्ट आग्नेस पॉकेल्सची. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात ती आईवडिलांचं घर सांभाळत होती. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती, भौतिकशास्त्र शिकणारा भाऊ तिला पुस्तकं आणून द्यायचा. भांडी धुताना पाण्यावर तेल आणि साबण कसे वागतात ते बघत बघत तिने पत्र्याचं एक उथळ भांडं बनवलं, त्यावर सरकणारी पट्टी बसवली आणि थर दाबला की पाण्याचा ताण कसा बदलतो ते वर्षानुवर्षं मोजलं. रॅले यांच्या कामाबद्दल कळल्यावर १८९१मध्ये तिने त्यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते 'नेचर' या नियतकालिकात छापायला पाठवलं आणि ते छापलं गेलं. एका रेणूच्या जाडीचे थर तपासायचं साधन स्वयंपाकघरात जन्माला आलं. परात हातात घेतलेल्या मुलीला हे माहीत असायला हवं.

आता माझ्या कारखान्यातली गोष्ट. भिंतीचा पांढरा रंग पांढरा कशामुळे? टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पावडरीमुळे. तिचे कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे ठेवले तर ते प्रकाश सगळीकडे उधळतात आणि रंग छान झाकतो. आपल्या जिन्यावर ही विसावी पायरी. तीच पावडर, अणूही तेच, पण बाविसाव्या-तेविसाव्या पायरीवर नेली की पांढरेपणा जातो, थर पारदर्शक दिसतो. उन्हातली घातक अतिनील किरणं मात्र ती तरीही अडवते. म्हणून काही सनस्क्रीन लावली तरी तोंड पांढरंफटक दिसत नाही. दोन पायऱ्या खाली उतरलो आणि वस्तूचं वागणं बदललं. नॅनोविज्ञानाला स्वतंत्र नाव का लागलं, त्याचं कारण हेच. नुसतं लहान असणं हे काही विशेष नाही.

सोन्याचं तर याहून नवल. वीस नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे कण पाण्यात असले तर पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७मध्ये या लाल सोन्याचा अभ्यास मांडला होता. करोनाच्या दिवसांत घरी नाकात काडी फिरवून तपासणी केली होती ना? त्यातल्या बहुतेक पट्ट्यांवर उमटणारी लालसर रेघ ही सोन्याच्या अशाच कणांची. घरोघरी सोनं लाल झालेलं सगळ्यांनी बघितलं, फक्त ते सोनं आहे हे कोणी सांगितलं नाही.

आणखी एक बदल होतो तो पृष्ठभागाचा. खडीसाखर आणि पिठीसाखर एकेक चमचा पाण्यात टाकून बघा, कोण आधी विरघळतं ते मूलच सांगेल. बारीक केलं की बाहेरची बाजू वाढते. एक सेंटीमीटरचा साखरेचा चौकोनी खडा घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटीमीटर. तोच खडा एकेका नॅनोमीटरच्या खड्यांत कापता आला तर सगळ्या बाजू मिळून होतील सहा हजार चौरस मीटर. ठाण्याच्या हिशेबात सांगायचं तर साडेचारशे फुटांची एकशे चाळीस घरं, एका खड्यातून. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, म्हणून नॅनो कण इतके चपळ. आणि म्हणूनच ते जपून हाताळायचे. बारीक सुटी पावडर मुलांच्या नाकाशी नको, मिरपूड असो की टाल्कम. बांधकामाची आणि रस्त्याची धूळ आपण ठाणेकर रोज खातो. पीएम २.५ म्हणतात त्यात अडीच हजार नॅनोमीटरपासून खालचे सगळे कण येतात, ते फुप्फुसात खोलवर जातात. हे आईवडिलांसाठी.

अणू बघितला कोणी, हा प्रश्न कधीतरी येतोच. याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं: डोळ्यांनी नाही, चाचपून. चादरीखाली साबुदाण्याचे दाणे ओळीत चिकटवून ठेवते आणि मुलांना डोळे मिटून वरून बोट फिरवायला सांगते. दोन मिनिटांत ती किती ओळी, कुठे दाणा गळलाय, सगळं सांगतात. झुरिकमधल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी १९८१मध्ये असंच बोट बनवलं. सुई इतकी टोकदार की टोकाशी एखादाच अणू. ती पृष्ठभागाला न टेकता अगदी जवळून फिरवायची. मधल्या फटीतून विजेचा किंचित प्रवाह वाहतो, उंचवटा आला की वाढतो, खळगा आला की घटतो. त्या चढउतारांवरून संगणक चित्र काढतो. १९८६चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे १९८९मध्ये आयबीएमच्याच डॉन आयग्लरने अशा सुईने झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून कंपनीच्या नावाची तीन अक्षरं लिहिली. अणूंनी अक्षरं लिहिली हे ऐकल्यावर मुलं आपापली नावं किती अणूंत बसतील ते साबुदाण्यांनी मांडत बसतात.

अणूच्या आत काय असतं ते मी या वयात सांगत नाही. विचारलं तर "आहे, आत अजून आहे" एवढंच म्हणते. आणि आपल्याकडे हे सगळं आधीच माहीत होतं, असंही सांगत नाही. वैशेषिकांनी, म्हणजे वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी, विचार केला होता हे खरं, आणि तो सुंदर आहे: वस्तूचे तुकडे करण्याला कुठेच शेवट नसेल तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच ठरतील, कारण दोघांचेही तुकडे न संपणारे. म्हणून कुठेतरी न तुटणारा कण हवा. कवडशात तरंगणारा कण अशा सहा परमाणूंचा बनतो, असं त्यांनी मानलं. आज मोजलं तर त्या एका कणात कोट्यवधी अणू निघतात, आणि अणूही तुटतो. पण कागदाची पट्टी कापणाऱ्या मुलाच्या मनात जो प्रश्न येतो तोच त्यांना पडला होता.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी धो धो पाऊस होता, चारच मुलं आली. साबुदाणे मांडून झाले होते. दुसरीतली एक मुलगी दोन दाण्यांच्या मधे बोट ठेवून बसली होती. म्हणाली, "काकू, दोन अणूंच्या मधे काय असतं?"

तिच्या शेजारचा लगेच म्हणाला, "हवा."

ती बराच वेळ बोलली नाही. मग त्याला म्हणाली, "अरे पण हवा पण अणूंचीच असते ना? मग त्या अणूंच्या मधे काय?"

तो गप्प. मीही काही बोलले नाही. तिने बोट उचललं, दोन दाण्यांमधल्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि वाकून तिथे हळूच फुंकर मारली.